सुनेच्या नोकरीसाठी दोन तालुके

प्रवासवर्णन लिहायचं तर आधी विमानात बसावं लागतं, असा एक समज आहे. मी विमानात बसलेली नाही. माझी सून बसली. फिलिपिन्सहून मुंबईला उतरली आणि तिथून पुढचा प्रवास तिनं माझ्याबरोबर केला. परदेशात आली ती, मी नव्हे. परदेश होता आमचाच, खालापूर आणि कर्जत.

तुमच्यापैकी पुष्कळांनी आमचा मुलूख गाडीच्या काचेतून पाहिलेला असणार. एक्स्प्रेसवेवर खालापूरच्या टोलनाक्याला थांबायचं, चहा प्यायचा, डोंगराकडे बघून "किती छान" म्हणायचं आणि पुण्याला निघून जायचं. फार तर माथेरानला घोड्यावर बसून एक फोटो. पण या मुलखात काम मागायला निघालात तर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं, आणि मी इथली अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते! दोन्ही तालुक्यांत माझ्या चपला झिजल्या नाहीत अशी वाडी सापडायची नाही. आता निवृत्त झाले, तरी "बाई आल्या" म्हटलं की आधी खुर्ची बाहेर येते. याचा मला अभिमान आहे, उगाच कशाला लपवू?

माझा मुलगा निलेश मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात होता. त्याच जहाजाच्या बेकरीत मारिसेल होती. लग्न झालं, दोघं आणखी एक फेरी करून आली, मग निलेशला खालापूरजवळच्या एका रिसॉर्टमध्ये काम मिळालं आणि दोघं घरी राहायला आली. इथं नोकरी करायला हरकत नाही असं सरकारी कार्डही तिच्या हातात पडलं. मला तर घर भरल्यासारखं झालं. हे गेल्यापासून मी एकटीच भिंतींशी बोलत होते.

पण मारिसेल बसून राहणारी नव्हे. आमचं घर तिनं आठवड्यात इतकं घासून काढलं की मला माझ्याच ओट्यावर कोथिंबीर चिरायला संकोच वाटू लागला. मग एक दिवस संध्याकाळी जवळ येऊन बसली. माझा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे मोठ्यांना असा नमस्कार करतात. म्हणाली, "आई, मला काम पाहिजे. तिकडे माझी आई आहे. तिला माझ्या कमाईतून पाठवायचं. निलेशच्या नाही. जहाजवाले बोलवतात. महिना संपेपर्यंत सांगायचं."

"आणि इथं काम मिळालं तर?"

"तर मी राहणार."

नाही मिळालं तर ती जाणार, जहाजाची फेरी नऊ महिन्यांची, आणि तेवढे दिवस बायकोशिवाय राहील असा माझा मुलगा नाही. तोही मागोमाग जाणार. म्हणजे मी पुन्हा भिंतींशी बोलायला मोकळी. मी पदर खोचला. म्हटलं, "उद्या सकाळी तयार राहा. दोन तालुक्यांत मला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय!"

हे खरंच निघालं. तीच तर सगळी पंचाईत झाली.

साजगाव

सुरुवात जवळून केली. साजगावला कारखाने आहेत, कारखान्यांना कँटीन आहेत, आणि एका कँटीनचे ठेकेदार शिंदे माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांची दोन्ही मुलं माझ्या अंगणवाडीतून गेलेली.

संक्रांत नुकतीच झाली होती. शेतात भाताचे खुंट आणि त्यात वालाची हिरवळ. सकाळी गार वारा. मारिसेल रस्ताभर वाल बघत होती. त्यांच्याकडेही भात निघाला की कडधान्य पेरतात म्हणाली. भात, नारळ, सुकी मासळी, सगळं त्यांच्याकडे आमच्यासारखंच. सुकटीचा वास आला की शेजारी नाकाला पदर लावतात, हेसुद्धा.

शिंदेंनी आम्हाला लांबूनच पाहिलं. "या बाई, या! आणि ह्या सूनबाई? अरे, खुर्च्या आणा रे!" कँटीनमागेच त्यांचं घर. त्यांची बायको धावत आली, मारिसेलला हळदीकुंकू लावलं, दोघींना तिळगूळ दिला, तिची नारळानं ओटी भरली आणि संक्रांतीचं वाण म्हणून तिच्या हातात झाकणाचा एक निळा डबा ठेवला. मग कांदेपोहे. मग चहा. मग "आणखी घ्या की." मी दोनदा विषय काढला. शिंदे दोन्ही वेळा हसले. शेवटी गेटपर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या सुनेनं आमच्याकडं पाव भाजायचे? लोक मला जोड्यानं मारतील. तुमी मस्करी करताय."

मी मस्करी करत नव्हते. पण पोटात एवढे पोहे घेऊन माणसावर रागावता तरी कसं येणार?

त्या आठवड्यात आम्ही आणखी चार-पाच ठिकाणी गेलो. एक ढाबा, एक शाळेचं वसतिगृह, एक शेतघर जिथं शहरातली माणसं पार्ट्या करायला येतात. शेतघरवाल्यांनी तर कमालच केली. आमच्यासाठी पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. शेंग सोलून तोंडात टाकल्यावर मारिसेलनं डोळेच मिटले. मीही बोटं चाटत होते. नोकरीचं विचारायचं राहिलंच, ते घरी आल्यावर आठवलं!

ओट्यावर डबे वाढत गेले. निळा, गुलाबी, एक चौकोनी, दोन स्टीलच्या वाट्या. मारिसेल त्यांच्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

"आई," तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, "इथं 'नाही' म्हणायचं असलं की डबा देतात का?"

मला हसू आवरेना. निलेशही पोट धरून हसला. ती मात्र हसली नाही. तिनं डबा पुसून फळीवर ठेवला आणि आत गेली. मग माझंही हसू गेलं.

माथेरान

माथेरानला माझी भिस्त जास्त होती. तिथली हॉटेलं डोंगराखालच्या आमच्या गावांतल्या माणसांच्या हातांवर चालतात. खोल्या झाडणारी, भाजी चिरणारी, सामान वाहणारी, सगळी इकडचीच. एका हॉटेलचे मालक मला ताई म्हणतात.

दस्तुरीला गाडी सोडली आणि लाल मातीतून चालत निघालो. इथं मोटारींना बंदी आहे हे ऐकून मारिसेल थक्क झाली. "सगळं सामान माणसं नेतात? सिलेंडर पण?" म्हटलं, माणसं आणि घोडे. तेवढ्यात एक घोडेवाला माझ्या ओळखीचा निघाला. "बाई, सूनबाईंना चालवताय व्हय? बसा, पैशाचं नाव काढू नका." तिला उचलून घोड्यावर बसवलंच. तो घोडा चार पावलं गेला आणि रोजच्या सवयीनं एका चिक्कीच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. हलेचना. दुकानदारानं मला ओळखलं, "अरे वा, बाईंची सून!" आणि चिक्कीचा पुडा तिच्या हातात. तो पुडा पुढच्या वळणावर माकडानं पळवला. वर झाडावर बसून आमच्याकडे बघत बघत खाल्ला मेल्यानं.

हॉटेलमालकांनी आम्हाला दरीकडच्या टेबलाशी बसवलं. समोर प्रबळगडाचा डोंगर, खाली धुरकट ऊन. जेवण असं दिलं की लग्नात मिळू नये. मारिसेलनं त्यांच्या स्वयंपाकघराकडे बोट केलं, "मी बघू?" मालक हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमच्या पाहुण्या. तुम्ही आत धुरात कशाला?" ती जहाजावर हजारो माणसांचा पाव भाजत होती हे मी त्यांना सांगितलं. "वा वा, कौतुक आहे!" म्हणाले, आणि निघताना डबा दिला. ह्या वेळी चिक्कीचा.

उतरताना ती माझ्यापुढं चालत होती. दस्तुरीला आल्यावर म्हणाली, "आई, इथली माणसं फार चांगली. मी जहाजवाल्यांना सांगते, येते म्हणून."

एवढी दोन तालुक्यांतली माझी ओळख, एवढ्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांचा उपयोग काय? मी तिला म्हटलं, "मंगळवारपर्यंत थांब गं. मंगळवारी कर्जतच्या बाजारात जाऊ." बाजारात काय होणार होतं ते मलाही माहीत नव्हतं. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं.

कर्जत

बाजारात मी तिला म्हटलं, भाजी बघ तोवर, मी समोर तांदळाचं पीठ घेऊन येते. परत आले तर भांडण चाललेलं!

रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बुधी बसली होती. बुधी ठाकरवाडीतली, पूर्वी माझ्या एका अंगणवाडीत मदतनीस होती. पुढ्यात करांदे, शेवग्याचा पाला आणि कोनफळं. कोनफळ म्हणजे बाहेरून मातीचं ढेकूळ, आत जांभळंगर्द. आणि मारिसेल हातात मोडलेलं कोनफळ धरून उभी. आतला जांभळा रंग बघून तिचे डोळे भरून आलेले. त्यांच्याकडे याच कंदाचे केक, पाव, आईस्क्रीम सगळं करतात. घर सोडल्यापासून तिनं तो पाहिला नव्हता.

बुधीला त्याचं काय! ती कडाडत होती, "मोडलंस कशापायी गं? इचारायचं नाय? आता हे मोडकं कोन घेईल? तुझा बा?"

"मी घेणार! पण एवढे पैसे नाही. हे अर्धं किडकं!"

"किडकं? डोळं फुटलं का तुझं? रानातून डोक्यावर आनलंय म्या!"

"मग नीट बघून आणायचं!"

मराठी तिला निलेशनं शिकवलेलं, तेही स्वयंपाकघरात. त्यामुळे हुकूम आणि भांडण एवढंच तिला अस्खलित येतं. दोघींचे चेहरे लाल, आणि माझ्या सुनेचा चेहरा तर, काय सांगू, कित्येक दिवसांत इतका टवटवीत दिसला नव्हता.

मी मध्ये गेले. "अगं बुधे, ही माझी सून!"

झालं. बुधीचा आवाज लोण्यासारखा मऊ. "अगो बाय माझे! बाईंची सून व्हय? आदी नाय सांगायचं? घे गं पोरी, सगली घे. पैसं नको. बस हितं." गोणपाटावरचा कोपरा झटकून तिनं जागा केली आणि पैसे काही केल्या घेईना. शेवटी मी तिच्या टोपलीत टाकून पळाले.

मारिसेल मात्र हलली नव्हती. कधी बुधीकडे, कधी माझ्याकडे बघत होती. बसस्टँडवर आल्यावर म्हणाली, "आई, राग नका येऊ. तुम्ही आलात की मी पाहुणी होते. तुम्ही नव्हता तेव्हा ती माझ्याशी भांडली."

मला राग आला का? आला. थोडा. माझी दोन तालुक्यांतली पुण्याई आणि ही पोरगी म्हणते तीच आडवी येते! पण खरं होतं ते. पाहुण्याला कामाला लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत मीच घरोघर पाळत आणि पाळायला लावत आलेय. आमच्या दारी आलेला माणूस पाणी मागतो, काम मागत नाही. काम मागायचं तर आधी पाहुणेपण उतरवून ठेवावं लागतं, आणि माझ्या नावानं ती जाईल तिथं तिच्यासाठी खुर्ची मांडली जात होती.

"बरं," मी म्हटलं. "आता एकटी जा. पण मी समोर बसणार. मला घरी बसवणार नाही."

"बसा," ती म्हणाली. "पण तोंड झाका."

नेरळ

नेरळ आता ओळखू येत नाही. जिथं भाताची खाचरं होती तिथं उंच इमारती, आणि मुंबईला कामाला जाणारी माणसं सकाळी बूट वाजवत स्टेशनाकडे पळतात. या नव्या माणसांना सकाळी पाव लागतो. जुन्या पेठेत हमीदाखालांची बेकरी आहे; खाला म्हणजे मावशी. कुटुंब मूळचं श्रीवर्धनकडचं, पण पिढ्यान् पिढ्या नेरळात. नवरा गेल्यावर बाईनं लाकडाची भट्टी एकटीनं चालवली. मला त्या ओळखतात, म्हणून मी समोरच्या बंद शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर, उभ्या टेंपोच्या आड, तोंडावर पदर ओढून बसले. या वयात मी असं कधी लपून बसेन असं मला कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

उजाडायच्या सुमारास मारिसेल आत शिरली. काखेत तो साजगावचा निळा डबा, त्यात उकडून कुस्करलेलं कोनफळ. पेठ अरुंद, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"काम आहे का?"

"कोन गं तू? नेपाळची?"

"नाही. फिलिपिन्स. पाव करते."

"हितं काय लाडू करतात? सगलेच पाव करतात. कोनाची हायस तू?"

माझं नाव घेतलं की आली खुर्ची.

"मी मारिसेल. मला मळता येतं, भाजता येतं. आज बघा. आवडलं नाही तर जाते."

हमीदाखाला म्हणाल्या, "वढनी बांध डोक्याला. हात धू. कोपरापातूर धू."

खुर्ची नाही, चहा नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग बराच वेळ नुसता पिठाचा धपधप आवाज. बेकरीतला कारागीर तिच्याकडे संशयानं बघत होता, ते टेंपोच्या कडेनं डोकावल्यावर दारातून दिसत होतं. पिठाच्या गोळ्यांवर तिचे हात झरझर चालत होते, पण भट्टी तिला नवी. जहाजावर बटण दाबलं की चूल तापते. इथं जाळ कुठं जास्त, कुठं कमी, ते अंगाला कळावं लागतं. आणि व्हायचं ते झालंच. करपट वास थेट माझ्या पायरीपर्यंत आला.

"अगं ए मरियम!" हमीदाखालांनी तिचं बारसंही करून टाकलं. "डोळे हायत का बटनं? मागं जाळ हाय ते दिसत नाय? आख्खी लादी जालली! या अल्ला, कुठनं आली ही माझ्या उरावर!"

माझे हात जोडले गेले. आता पोरगी रडणार, बाहेर येणार, आणि सगळं संपणार.

तर आतून तिचा आवाज, "दिसतं मला! लाकूड ओलं आहे तुमचं! हल रे तू, मध्ये उभा राहू नको, जळतंय!" शेवटचं त्या कारागिराला. तो बिचारा खरंच बाजूला झाला.

हमीदाखाला हसल्या. मोठ्यानं, पोटातून. "जीभ बरी हाय हिची! दुसरी लादी लाव. पुढच्या अंगाला लाव. ही जालली तर मी तुला भट्टीत घालीन."

ती जळली नाही. मारिसेलनं त्याच भट्टीच्या उतरत्या आचेवर कोनफळ घालून मळलेले चार पाव भाजले. हमीदाखाला ते फोडून उजेडाला धरून बघत दारात आल्या. जांभळा पाव! नाक मुरडलं, तुकडा तोंडात टाकला, चावत राहिल्या. रस्त्यानं स्टेशनकडे पळणारी एक मुलगी थबकली. "खाला, हे काय? मला द्या ना एक." पाठोपाठ आणखी एक थांबली.

"मीठ कमी हाय," हमीदाखाला मारिसेलला म्हणाल्या. कौतुकाचा एक शब्द नाही. "उद्या अंधारात ये. उशीर केलास तं दार लावून घेईन. पगाराचं मी सांगते ते, आनि ते कंद कुठं भेटतात ते मला दाव."

मी तिथं बसल्या बसल्या रडले. सांगायला लाज कसली? माझ्या सुनेनं काम मिळवलं होतं, माझ्या नावावर नव्हे, स्वतःच्या हातावर आणि स्वतःच्या जिभेवर. मी आयुष्यभर वाड्यावाड्यांतून पोरींना सांगत फिरले की आपल्या पायावर उभ्या राहा. माझ्याच घरातली पोर परक्या देशात, परक्या भट्टीपुढं उभी राहिली आणि मी ते टेंपोआडून बघितलं. अभिमानानं ऊर भरून येणं म्हणजे काय, ते मला त्या पायरीवर कळलं.

नाक पुसायला पदर बाजूला केला, तोच टेंपोवाल्यानं गाडी काढली. समोर मी, उघडी!

"अरे, बाई?" हमीदाखालांनी डोळे बारीक केले. "बाईच हायत! तिथं पायरीवर काय बसल्यात? या, या! अरे, खुर्ची आना बाईंना!"

खुर्ची आली. मी बसले. आणि मग हमीदाखाला आत वळून ओरडल्या, "मरियम! अगं ए, पाहुने आलेत. चहा आन!"

मारिसेल चहा घेऊन आली. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर काजळी, हातात कपबशी. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मी खुर्चीवरून तिच्याकडे बघत राहिले. माझा हात कपाळाला लावायला तिला सवडच नव्हती.

"ही तुमची सून?" हमीदाखालांना सगळं कळल्यावर त्या कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या. "आदी सांगितलं असतं तं मी हिला आत येऊ दिलं असतं व्हय? आता काय, आता ती माझी हाय. सोडायची नाय मी."

बोलता बोलता त्यांनी माझ्या हातात डबा ठेवला, खारीचा. मारिसेल दारातून बघत होती. तिनं मोठ्यानं हसून सांगितलं, "आई, डबा! म्हणजे तुम्हाला नोकरी नाही!"

"चहा संपवा लवकर," तिनं वर बजावलं, "गिऱ्हाईकाला जागा नाही." मी कप रिकामा केला आणि उठले. ऐन कामाच्या वेळी पाहुण्यानं फार बसू नये, एवढं मला कळतं.